कागदी साम्राज्याची बखर

कादंबरी हें इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. विल्यम गॅडिस या अमेरिकन ग्रंथकाराच्या ‘जे आर’ (१९७५) या कादंबरीपुरता तरी आमचा कौल साधनाच्या बाजूनें आहे. पानें सातशेंहून अधिक, तींही बहुतेक संवादांचीं. बोलतो कोण हें सांगण्याची तसदी ग्रंथकार घेत नाहीं. प्रथम वाचतांना आमची त्रेधाच उडाली.

नायक अकरा वर्षांचा शाळकरी पोर. त्याच्या शाळेंत शिकविण्याचें काम दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे गेलेलें. वर्गाची सहल वॉल स्ट्रीटला जाते, भांडवलशाहीचा धडा म्हणून मुलें एक शेअर घेतात, आणि हा धडा पोर फारच मनावर घेतो. टेलिफोनवर रुमाल धरून, आवाज बदलून, आरमाराचे शिल्लक लांकडी कांटे लष्कराला विकण्यापासून त्याचा व्यापार सुरू होतो. पाहतां पाहतां कागदोपत्रीं एक अवाढव्य उद्योगसमूह उभा राहतो.

हें सारें अतिशयोक्त वाटेल. पण १९६० नंतरचें दशक पाहावें. हॅरॉल्ड जेनीन यांच्या कारकीर्दींत आयटीटी या टेलिफोनच्या धंद्यांतील कंपनीनें मोटारी भाड्यानें देणारी एव्हिस घेतली, शेरेटन हॉटेलें घेतलीं, पाव भाजणारी कंपनीसुद्धां घेतली. १९६५ सालीं तर एबीसी हें दूरचित्रवाणीचें जाळेंच गिळण्याचा करार झाला. परदेशी सरकारांशीं सौदे करणाऱ्या कंपनीच्या मुठींत बातमी गेली तर ती खरी कशी राहणार, अशी शंका निघाली. नियामक मंडळानें संमति दिली, न्यायखातें मात्र कोर्टांत गेलें. शेवटीं १९६८ च्या पहिल्याच दिवशीं कंपनीनें माघार घेतली. पाव आणि बातमी यांत फरक न करणारी ही भूक गॅडिसनें पोराच्या तोंडीं घातली, इतकेंच.

आणि तो हें आंतून जाणत होता. १९५५ ची त्याची पहिली कादंबरी खपली नाहीं. मग पोटासाठीं त्यानें फायझर या औषधांच्या कंपनींत प्रसिद्धीचें काम केलें, कोडॅकच्या अधिकाऱ्यांचीं भाषणें लिहिलीं. त्या पोकळ भाषेचा अस्सल नमुना म्हणूनच हे संवाद मोलाचे. १९७६ सालीं पुस्तकाला राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला, तरी वाचक थोडेच लाभले.

आम्हांस चटका लावतो तो एडवर्ड बास्ट हा तरुण संगीतकार. त्याला भव्य संगीतिका रचावयाची असते. पोराची मुखत्यारी करतां करतां ती आटत जाते आणि अखेर एकट्या चेलो या तंतुवाद्यापुरती उरते. साम्राज्य कोसळतें. टेलिफोनचा चोंगा लोंबत असतो, ऐकणारें कोणी नसतें, आणि पोर त्यांतून नवे बेत सांगतच असतो.