रेघ आणि सांधा

आगगाडीच्या स्टेशनात दोन रूळ एकमेकांना खेटून जाताना दिसले, म्हणून गाडी एकावरून दुसऱ्यावर जाईलच असे नाही. ते ठरवतो सांधा. तो बदलणाऱ्या माणसाला सांधेवाला म्हणत. डब्यात बसलेल्या प्रवाशाला त्याचे नाव कधी कळत नसे, पण गाडी कोणत्या गावी पोहोचणार हे त्याच्या हातात असे. रस्त्यांच्या नकाशाचेही असेच आहे. आपल्याला रेघा दिसतात, सांधे दिसत नाहीत. आज संगणक नकाशावरून आपल्याला वाट सांगतो, आणि तो वाट चुकला तर बहुधा एखाद्या सांध्यापाशीच चुकतो. हे सांधे माणसाच्या ध्यानात कसे आले, त्याची हकिकत मोठी मनोरंजक आहे.

ती सुरू होते अठराव्या शतकात, प्रशियातील कोनिग्झबर्ग शहरात. आज हे शहर रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे. प्रेगेल नदी शहराच्या मधून वाहते. नदीत एक बेट होते, आणि नदीने पाडलेल्या चार भूभागांना जोडणारे सात पूल होते. सातही पुलांवरून प्रत्येकी एकदाच जाता येईल असा फेरफटका मारता येईल का, असे एक कोडे तेथे प्रसिद्ध होते. थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याचे उत्तर मांडले : असा फेरफटका अशक्य आहे.

त्याचा युक्तिवाद शाळकरी मुलालाही पटावा इतका सरळ आहे. वाटेतल्या भूभागात आपण एका पुलाने शिरतो आणि दुसऱ्या पुलाने बाहेर पडतो, म्हणजे तेथले पूल जोडीजोडीने संपतात. विषम पूल असलेला भूभाग फक्त आरंभाचा किंवा शेवटचा असू शकतो, म्हणून असे भूभाग फार तर दोन चालतील. कोनिग्झबर्गात एका भूभागाला पाच पूल होते आणि उरलेल्या तिघांना तीन-तीन. म्हणजे चारही विषम! पेन्सिल न उचलता पाटीवर घराचे चित्र काढण्याचे कोडे आपल्याकडची मुले सोडवतात, त्याच्या मुळाशी हाच नियम आहे.

परंतु उत्तरापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ऑयलरने काय टाकून दिले ती. पुलांची लांबी, नदीची वळणे, गल्ल्यांचे आकार हे सारे त्याने बाजूला सारले आणि कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच ठेवले. रेघेपासून सांधा वेगळा झाला तो असा.

ऑयलरने टाकलेली लांबी एका डच तरुणाने पुन्हा उचलली. १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता. त्याची करामत सामान्य लोकांना कळेल असे काही दाखवायचे होते. एड्सगर डायक्स्ट्रा याने प्रश्न निवडला : रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायची सर्वांत जवळची वाट कोणती? भावी पत्नीबरोबर खरेदीला गेला असता, एका कॉफीगृहात बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत त्याने रीत शोधून काढली असे तोच पुढे सांगत असे. प्रयोगासाठी चौसष्ट गावे घेतली होती. १९५९ साली ही रीत अवघ्या दोन-तीन पानांच्या लेखात छापून आली.

तिचे वर्तन पाटात सोडलेल्या पाण्यासारखे आहे. निघाल्या गावापासून सर्वांत जवळचे गाव आधी पक्के करायचे. मग तेथून शेजारच्या गावांची अंतरे मोजायची, आणि अजून पक्क्या न झालेल्या गावांतले निघाल्या गावापासून सर्वांत जवळचे पुढे पक्के करायचे. पाणी असे पसरत पसरत मुक्कामी पोहोचते. पण पाटात वीतभर जरी तुटले, तरी पुढचे शेत कोरडेच राहते. वाट सांगणारा संगणक कधी कधी ‘मार्ग नाही’ म्हणून मोकळा होतो, किंवा समोरच्या घरी जायला चार कोसांचा वळसा सांगतो, तो याचमुळे. रीत बरोबर असते, पाट तुटलेला असतो.

पाट तुटला आहे हे ओळखायचे कसे? याचे एक सुरेख उत्तर अमेरिकेच्या जनगणना खात्याने शोधले. १९७० च्या जनगणनेत बऱ्याच शहरांत प्रश्नपत्रके टपालाने पाठवायची व परत मागवायची होती, म्हणून प्रत्येक पत्ता कोणत्या चौकटीत पडतो हे संगणकाला सांगणे भाग होते. १९६७ साली न्यू हेवन शहरात ‘डाइम’ नावाची पद्धत आकाराला आली. तिच्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी नोंदवल्या : तो कोणत्या नाक्यापासून कोणत्या नाक्यापर्यंत जातो, त्याच्या डावीकडे कोणती चौकट आणि उजवीकडे कोणती. आता एखाद्या चौकटीभोवतीचे सारे तुकडे एकापुढे एक लावा. शेवटचा नाका पहिल्याच नाक्याला येऊन मिळाला तर नोंद बरोबर. साखळी जुळली नाही तर चूक तेथेच कोठेतरी आहे. नकाशा स्वतःच आपली चूक सांगू लागला.

म्हणून चुका संपल्या असे मात्र नाही. याच घराण्यातून पुढे १९९० च्या जनगणनेसाठी ‘टायगर’ हा मोठा संग्रह तयार झाला. २००४ साली ब्रिटनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनी मिळून काढायचा जगाचा नकाशा सुरू झाला होता. २००७-०८ साली टायगरमधले रस्ते त्यात ओतले गेले, आणि मौज दिसू लागली. परगण्यांच्या सीमेवर दोन बाजूंचे रस्ते डोळ्यांना अखंड, पण आतून तुटलेले. उलट, हमरस्त्यावरून जाणारा पूल जेथे खालच्या रस्त्याला फक्त ओलांडतो, तेथे चक्क चौक बनलेला! मुंबईत महंमद अली रोडवरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल डोळ्यांपुढे आणावा. कागदावर तो खालच्या गल्ल्यांना छेदतो, पण कोणत्याही गल्लीतून त्यावर चढता येत नाही. एके ठिकाणी हवा तो सांधा नाही, दुसरीकडे नको तो आहे.

अशा नकाशाची दुरुस्ती करणारे आजचे सांधेवाले ठरलेल्या क्रमाने जातात. आधी एका नाक्यावरून पाणी सोडायचे आणि कोठकोठवर पोहोचते ते रंगवायचे. जो भाग कोरडा राहील त्याच्या कडेला तुटलेला सांधा असतो. मग हाताएवढ्या अंतराने सुटलेली टोके जोडायची. पण येथे तारतम्य हवे. किती अंतरापर्यंतची टोके एक मानायची ही मर्यादा फार वाढवली, तर शेजारून जाणारे दोन स्वतंत्र रस्तेही एक होऊन बसतात. एकेरी रस्त्यांची दिशा तपासायची. अंतर मीटरमध्ये मोजले आहे की अक्षांश-रेखांशाच्या अंशांत, तेही पाहायचे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा, तर मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटरांचा. हे न पाहणारा संगणक मोठ्या आत्मविश्वासाने खोटे बोलतो.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भयंकर भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा रस्त्यांचा नीटसा नकाशा मदतीला धावलेल्यांच्या हाती नव्हता. तेव्हा जगभरच्या शेकडो लोकांनी घरी बसून, उपग्रहांच्या छायाचित्रांवरून, गल्ली न् गल्ली काढून दिली, आणि मदतपथके तोच नकाशा घेऊन फिरली. ढिगाऱ्यांनी बंद झालेल्या वाटाही त्यात दाखवल्या जात होत्या. अशा वेळी तुटलेला सांधा ही केवळ गणितातली चूक राहत नाही. त्या तुटलेल्या जागेच्या पलीकडे कोणी मदतीची वाट पाहत असतो.

माणसाचा डोळा दयाळू आहे. रेघ केसभर तुटली तर तो ती मनातल्या मनात जोडून घेतो. संगणकाला ते येत नाही. त्याला प्रत्येक सांधा कोणीतरी बसून सांगावा लागतो. ऑयलरपासून पावणेतीनशे वर्षांच्या या प्रवासात मोठमोठी नावे आली, पण काम शेवटी येऊन ठेपले ते रात्री दिव्याखाली बसून परक्या शहरातल्या दोन गल्ल्यांची टोके जुळवणाऱ्या निनावी माणसांवर. यंदा दिवाळीला कोणी पाहुणा फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवून, एकदाही वाट न विचारता आपल्या दारी येऊन उभा राहील, तेव्हा फराळाची ताटली पुढे करताना त्या सांधेवाल्यांचीही आठवण ठेवावी.