सीमांतपूजन कोणत्या गावाच्या वेशीवर?

आयर्लंडमध्ये वाढलेली आपली मुले आता लग्नाच्या वयाची होऊ लागली आहेत. त्यामुळे गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या जेवणानंतर मंडळी बोलत बसली की घराचे हप्ते, पासपोर्ट आणि लीव्हिंग सर्टच्या गुणांबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. लग्न करायचे कुठे? वधूच्या आजोळी पुण्याला, वराच्या काकांकडे नागपूरला, की इथेच डब्लिनला? आणि हल्ली या तीन पर्यायांत चौथाही ऐकू येतो, तो म्हणजे इटली. फ्लॉरेन्स, व्हेनिस किंवा कोमो सरोवराचा काठ. एखादा जुना प्रासाद तीन-चार दिवसांसाठी भाड्याने. मेंदी, हळद, संगीत, लग्न आणि स्वागतसमारंभ. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे लग्न तोस्काना प्रांतात झाले, नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचे कोमोच्या काठी झाले, आणि त्यानंतर ही कल्पना आपल्या दिवाणखान्यांतही शिरली.

या फॅशनवर टीका करण्यासाठी मी लेखणी हातात घेतलेली नाही. ज्याचा त्याचा पैसा, ज्याची त्याची हौस. परंतु परक्या ऐतिहासिक शहरात अनेक दिवस चालणारे थाटाचे लग्न ही आजची गोष्ट नसून तिला शेकडो वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे आपण त्यातले नेमके काय उचलतो आहोत व काय मागे सोडतो आहोत हे समजते.

सुरुवात फ्लॉरेन्सपासूनच करू. १५८७ साली थोरला भाऊ वारल्यामुळे फर्डिनांडो मेदिची तोस्कानाचा ग्रँड ड्यूक झाला. तो तोवर कार्डिनल होता. गादीला वारस हवा म्हणून त्याने ती लाल टोपी उतरवली आणि लॉरेनच्या क्रिस्तीनशी लग्न ठरवले. क्रिस्तीन ही फ्रान्सची राजमाता कातरीन हिची नात. तोपर्यंत तोस्कानाच्या राज्यावर स्पेनचा दाब होता. फ्रान्सच्या दरबारात वाढलेली सून आणणे म्हणजे तो दाब सैल करणे होते. १५८९ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या ब्लुआ येथे वर हजर नसताना प्रतिनिधीमार्फत लग्न लागले आणि ३० एप्रिलला नवी राणी फ्लॉरेन्सच्या वेशीशी येऊन पोहोचली.

तेथून पुढे जे सुरू झाले ते काही आठवडे चालले. वेशीपासून राजवाड्यापर्यंत लाकूड, कापड आणि रंगाच्या कमानी उभारल्या होत्या. सांता क्रोचेच्या चौकात खेळ झाले. उफिझीच्या नाट्यगृहात एक विनोदी नाटक झाले. त्याच्या अंकांच्या आधी, मध्ये आणि शेवटी असे सहा संगीतप्रवेश होते. त्यांत ढगांवर बसलेले गायक वरून खाली उतरत. ही सारी यंत्रे बेर्नार्दो बुओंतालेंती या स्थापत्यकाराची. पुढे ऑपेरा म्हणून जो प्रकार जन्माला आला, त्याची बीजे संगीताचे इतिहासकार याच प्रवेशांत शोधतात. ११ मे रोजी पित्ती प्रासादाच्या चौकात पाणी भरून त्यात लहान गलबते सोडली आणि तुर्की किल्ल्यावर हल्ल्याचा देखावा केला.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. त्यामुळे मला या सोहळ्यापेक्षा जास्त ओढ वाटते ती जिरोलामो सेरियाकोपी या माणसाची. हा सरकारी बांधकामाकडचा अधिकारी. नाट्यगृहाची सगळी कामे पार पाडण्याची जबाबदारी त्याच्यावर होती आणि त्याने कामाची टिपणवही ठेवली होती. कोणते काम झाले, कोणते राहिले, सुताराला काय सांगायचे, कोणाच्या संमतीसाठी काय अडले आहे, अशा नोंदींची ही वही फ्लॉरेन्सच्या दफ्तरात टिकून राहिली. म्हणूनच सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या लग्नाबद्दल आपल्याला इतके बारीकसारीक ठाऊक आहे. कमानी केव्हाच मोडल्या, पण वही उरली.

आपल्याकडेही अशी वही आहे. १७८३ च्या फेब्रुवारीत पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न थत्त्यांच्या रमाबाईंशी झाले. वर अवघा आठ वर्षांचा. कारभारी नाना फडणीस. या लग्नासाठी कोणते काम कोणाकडे, निमंत्रणे कोणी करायची, पाहुण्यांना कुठे उतरवायचे, पंगतीची मांडणी आणि वाढप कसे करायचे, याच्या तपशीलवार याद्या झाल्या आणि त्या पुढे छापल्याही गेल्या आहेत. नानांचा स्वभाव चोख. पण तेवढ्याने या याद्यांचा उलगडा होत नाही. या मुलाच्या जन्माआधीच त्याच्या वडिलांचा, नारायणराव पेशव्यांचा, १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला होता. चुलत आजोबा रघुनाथराव पेशवाईवर हक्क सांगत होते आणि इंग्रज त्यांच्या पाठीशी उभे राहिल्याने सात वर्षे युद्ध चालले. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि रघुनाथरावांचा प्रश्न मिटला. त्यानंतर वर्षाच्या आत हे लग्न झाले. त्या मांडवात जो सरदार येऊन बसला, ज्याने आहेर केला आणि ज्याने मानाचा विडा घेतला, त्याने हाच मुलगा पेशवा आहे हे चारचौघांत मान्य केले. पंगतीत कोण कुठे बसतो हा त्या दिवशी राज्यकारभाराचाच प्रश्न होता. एखाद्याचे पान चुकीच्या जागी मांडले गेले असते तर त्याची किंमत पुढे रणांगणात मोजावी लागली असती.

लग्नातून राज्ये इकडची तिकडे कशी होतात, हे शिकायला आपल्याला आयर्लंडबाहेर जाण्याची गरज नाही. डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत डॅनियल मॅक्लीस या चित्रकाराचे १८५४ सालचे एक प्रचंड चित्र आहे. त्याची रुंदी पाच मीटरहून अधिक. विषय आहे स्ट्राँगबो आणि ईफा यांचे लग्न. लेन्स्टरचा पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याने राज्य परत मिळवण्यासाठी समुद्रापलीकडचे नॉर्मन सरदार बोलावले. त्यांच्यापैकी स्ट्राँगबोला त्याने आपली मुलगी आणि आपल्यामागे लेन्स्टरचे राज्य देऊ केले. ऑगस्ट ११७० मध्ये वॉटरफर्ड शहर पडले आणि लगोलग त्याच शहरात हे लग्न लागले. चित्रात वधूवरांच्या आसपास प्रेते पडलेली आहेत. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर ११७१ मध्ये, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री वॉटरफर्डलाच जहाजातून उतरला, कारण आपला सरदार परस्पर राजा होऊन बसेल ही त्याला धास्ती होती. इंग्रजांचा आयर्लंडशी जो शेकडो वर्षांचा संबंध सुरू झाला, त्याच्या उंबरठ्यावर हे लग्न आहे.

आणि आपली मुंबई? तीही एका लग्नातच इंग्रजांना मिळाली. दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार जून १६६१ मध्ये झाला. त्यात मुंबई बेट आंदण म्हणून लिहून दिले गेले. लग्न १६६२ मध्ये पोर्टस्मथला झाले. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले, आणि १६६८ मध्ये राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. माहीम-माझगावच्या कोळ्याभंडाऱ्यांना कोणी विचारले नव्हते आणि वॉटरफर्डच्या रहिवाशांनाही नाही. मुंबईहून निघून आयर्लंडला येऊन राहिलेल्या माणसाच्या वाट्याला असे दोन लग्नांचे ऋणानुबंध आले आहेत.

तेव्हा ही थोर लग्ने काही निर्मळ आनंदाची नव्हती. तरीही फ्लॉरेन्स आणि पुणे यांत एक गोष्ट समान दिसते. तिथे शहर हे यजमानाचे स्वतःचे होते. आपल्याकडे वरपक्ष गावात शिरताना सीमांतपूजन करतात. वेशीवर जाऊन पाय धुवायचे, मान द्यायचा, मग गावात आणायचे. त्या विधीचा अर्थ असा की अमुक गाव आमचे आहे, तिथे तुमची जबाबदारी आमच्यावर आहे. हल्ली हा विधी कार्यालयातल्या एका खोलीत उरकला जातो, पण नाव अजून सीमेचेच आहे. फर्डिनांडोने आपल्या वेशीवर क्रिस्तीनचे स्वागत केले ते एका अर्थी सीमांतपूजनच होते. त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला फ्लॉरेन्सचा विणकर निमंत्रित नसेल, परंतु सोहळा त्याच्या डोळ्यांसाठीही होता. खर्च अर्थात त्याच्याच करांतून झाला असणार, हेही विसरू नये.

भाड्याच्या शहरात हे नाते उलटे होते. जून २०२५ मध्ये अमेरिकन उद्योगपती जेफ बेझोस यांचे लग्न व्हेनिसमध्ये झाले. तीन दिवसांचा समारंभ, सुमारे दोनशे पाहुणे, विधी सान जॉर्जो माज्जोरे या बेटावर. रहिवाशांच्या काही गटांनी विरोध केला, निदर्शने झाली आणि शेवटच्या मेजवानीची जागा बदलून ती आर्सेनालेच्या परिसरात न्यावी लागली. ज्या जुन्या शहरात कायम राहणारे पन्नास हजारांहूनही कमी उरले आहेत, जिथे २०२४ पासून ठराविक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात, त्या शहराच्या लोकांना आपले घर म्हणजे दुसऱ्याच्या फोटोमागचा पडदा झाल्यासारखे वाटले तर नवल नाही. शहराला पैसा मिळतो हे खरे, पण वेशीवर पाय धुवायला तिथे कोणीच उभे नसते. पाहुणाच यजमान आणि गाव नोकर, असा तो प्रकार.

परके गाव यजमान होऊ शकत नाही असे मात्र नाही. याच फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना वारले. वय जेमतेम विशीचे. त्या शहराने कधी हिंदू अंत्यसंस्कार पाहिला नव्हता. तरीही परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन झाले. तिथे महाराजांचा अर्धपुतळा छत्रीखाली आजही आहे. जवळच्या पुलाला लोक ‘इंदियानो’ म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. लग्नासाठी फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी वऱ्हाडाने तेथवर एक फेरी अवश्य मारावी.

आता आपल्या घरचा विचार करू. आपल्या मुलांच्या लग्नात कोणाचे राज्य जायचे नाही की यायचे नाही. कोणत्या सरदाराची निष्ठा तपासायची नाही. मग चार दिवसांच्या सोहळ्यातून आपण काय साधतो? मला विचाराल तर विखुरलेली माणसे एका जागी आणणे, एवढेच एक कारण सबळ आहे. पुण्याची आजी, न्यू जर्सीचा मामा, मेलबर्नची आत्या आणि कॉर्कचे शेजारी एका पंगतीत बसतात, हे वर्षानुवर्षे दूर राहणाऱ्यांना लहान सुख नाही. आणि नेमके हेच कारण इटलीत अडखळते. आयर्लंड शेंगेन करारात नाही. आजीने मुलाकडे येण्यासाठी आयरिश व्हिसा काढला असला तरी त्यावर ती फ्लॉरेन्सला जाऊ शकत नाही. तिला शेंगेनचा वेगळा अर्ज, वेगळी कागदपत्रे, वेगळी खेप. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या बहुतेक मित्रांचीही तीच गत. गुडघे दुखणाऱ्या माणसाने मुंबईला व्हिसाच्या रांगेत दोनदा उभे राहायचे आणि मग तोस्कानातल्या टेकडीवरच्या दगडी पायऱ्या चढायच्या. अशा वेळी ‘आम्ही व्हिडिओवर पाहू’ असे जे म्हटले जाते, ते समजूतदारपणे म्हटलेले असते, पण ते ऐकणाऱ्याने त्यामागचे समजून घ्यायला हवे.

याउलट साधेपणाचीही परंपरा आपलीच आहे. सप्टेंबर १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट व राधा यांचा विवाह पुरोहिताशिवाय लागला. खर्च जवळजवळ पानसुपारी आणि हारांपुरता. त्यालाही विरोध झालाच. नानांच्या मांडवात आलेल्या माणसांनी सत्ता मान्य केली. इथे जमलेल्यांनी दोन माणसांना एकमेकांशी बोललेला शब्द मान्य केला. पुणे तेच, अंतर नव्वद वर्षांचे. थोडक्यात काय, तर लग्नाला साक्षीदार लागतात आणि ते कोण असावेत हे ठरवणे हेच लग्नाच्या तयारीतले खरे काम.

म्हणून तरुण मंडळींना, आणि त्यांच्याहून अधिक उत्साही अशा त्यांच्या आईवडिलांना, माझे सांगणे एवढेच की सेरियाकोपी आणि नाना फडणीस यांची पद्धत घ्या. प्रासादांची चित्रे पाहण्याआधी यादी करा. ज्यांच्यावाचून लग्न लागले असे तुम्हाला वाटणार नाही अशा माणसांची नावे लिहा. नावापुढे वय, पासपोर्ट, लागणारा व्हिसा आणि पायऱ्या चढण्याची ताकद लिहा. आयर्लंडमध्ये नोंदणी करायची तर निबंधकाला तीन महिने आधी सूचना द्यावी लागते, हेही तिथेच टिपून ठेवा. मग जी जागा या यादीला सोसेल ती निवडा. ती कदाचित फ्लॉरेन्स निघेल. निघाली तर जरूर जा. पण ती किल्डेअरमधले एखादे हॉटेल किंवा सदाशिव पेठेतले कार्यालय निघाली, तर त्यात काही कमी झाले असे मानू नका. तिथे निदान वेशीवर पाणी आणि कुंकू घेऊन उभे राहणारे घरचे कोणीतरी असेल.