शोजो मांगामधील प्रेमकथा : शेवटाच्या निकषाची चिकित्सा

प्रेमकथाप्रधान मांगांची परीक्षा करताना चार निकष बहुधा गृहीत धरले जातात : पात्रे किती जिवंत आहेत, कथानक किती सुसंगत आहे, चित्रे किती देखणी आहेत आणि शेवट किती समाधानकारक आहे. कथानक, स्वभावरेखन, वातावरण, भाषाशैली अशा रकान्यांत कादंबरी बसवण्याची सवय मराठी समीक्षेलाही दीर्घकाळ होती. त्यामुळे या निकषांचे कूळ कोणते हे मराठी अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ते कादंबरीच्या आणि त्याहीआधी नाटकाच्या विचारातून आलेले आहेत. अडचण अशी, की शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या नियतकालिकांतून वाढलेली जपानी चित्रकथा, ज्या इतिहासातून घडली त्यात चित्र हा इतर घटकांच्या शेजारी बसणारा आणखी एक घटक कधीच नव्हता. पात्र आणि कथानक यांना अस्तित्व मिळते तेच मुळी पानाच्या रचनेत. आणि शेवट, ज्यावरून वाचक अंतिम निवाडा देतो, तो या प्रकारात लेखिकेच्या हाती सर्वांत कमी असलेला घटक आहे.

या प्रकाराची पूर्वपीठिका मांगात नाही, मुलींच्या सचित्र मासिकांत आहे. १९०८ साली सुरू झालेले 'शोजो नो तोमो' हे त्यांपैकी सर्वांत दीर्घायुषी. ते १९५५पर्यंत चालले. योशिया नोबुको यांच्या 'हाना मोनोगातारी' या कथामालेने १९१६पासून मुलींच्या शाळांतील परस्परांविषयीच्या ओढीला एक अलंकृत, थबकत चालणारी गद्यशैली मिळवून दिली. तिच्या जोडीला चित्रकार होते. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात नाकाहारा जुनइचि यांनी 'शोजो नो तोमो'साठी काढलेल्या मुलींचे डोळे मोठे, कुठेतरी दूर लागलेले आणि काहीसे खिन्न आहेत. युद्धकाळातील लष्करी शिस्तीला ही खिन्नता मानवली नाही आणि १९४०मध्ये त्यांची चित्रे मासिकातून हटवावी लागली. सत्तेला धास्ती वाटावी असे त्या चित्रांत कथानक काहीच नव्हते. जे होते ते केवळ एका नजरेत होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

युद्धोत्तर काळात तेझुका ओसामु यांच्या 'रिबन नो किशी'ने (१९५३–५६) मुलींच्या मासिकात दीर्घ साहसकथा आणली. नियतकालिकांतील बहुतेक चित्रकार त्या वेळी पुरुष होते. आईपासून ताटातूट झालेल्या मुली, बॅले आणि त्यातील स्पर्धा हे त्यांचे ठरीव विषय. नायिका लहान असल्याने प्रौढ प्रेमकथेला फारसा वाव नव्हता. मिझुनो हिदेको यांनी १९६३ साली हॉलिवूडच्या 'सब्रिना' या १९५४च्या चित्रपटावरून प्रेमकथा रचली तेव्हा प्रेमविनोदाचा एक तयार साचा या प्रकारात दाखल झाला. त्याच सुमारास साप्ताहिके निघाली आणि हप्त्यांची गती वाढली.

कथानकाचा हा इतिहास सांगण्यास सोपा आहे आणि म्हणूनच तो वारंवार सांगितला जातो. त्याला समांतर जाणारा दुसरा इतिहास पानाचा आहे. ताकाहाशी माकोतो यांनी १९५८च्या सुमारास नायिकेची पूर्णाकृती चौकटींच्या बाहेर, पानाच्या उंचीइतकी उभी करण्याचा प्रघात पाडला. ही आकृती कथेतील कोणतीच कृती करीत नाही. शेजारच्या चौकटींत घटना पुढे सरकत असतात आणि ती मात्र फुलांच्या पार्श्वभूमीवर तशीच उभी असते. कथनाच्या दृष्टीने ती अनावश्यक ठरते. तरीही वाचकाची नजर प्रथम तिच्यावर जाते आणि तिच्यातून मगच घटनांकडे वळते. नाकाहारांची ती थबकलेली नजर अशा रीतीने कथाचित्राच्या आत येऊन बसली. 'चित्रे देखणी आहेत' असे म्हणून हा प्रघात निकालात काढणे म्हणजे अभंगातील ध्रुवपदाला सजावट म्हणण्यासारखे आहे.

१९४९च्या, म्हणजे जपानी कालगणनेतील शोवा २४च्या, आगेमागे जन्मलेल्या हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको प्रभृती लेखिकांनी १९७०च्या दशकात या दोन प्रवाहांची सांगड घातली. त्यांच्या पानावर चौकटी एकमेकींवर चढतात, काही ठिकाणी त्यांच्या कडा नाहीशा होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शब्द फुग्यातून बाहेर पडतात. पात्र मोठ्याने बोलते ते फुग्यात; पण मनात उठलेले, अर्धवट राहिलेले, कदाचित पुष्कळ वर्षांनंतर आठवलेले वाक्य चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत तरंगत असते. ते कोणाचे आहे, त्या क्षणाचे आहे की नंतरचे, हे प्रत्येक वेळी निश्चित करता येत नाही. कादंबरीत ज्याला स्वभावरेखन म्हणतात ते येथे या अनिश्चित मालकीच्या वाक्यांतून घडते. पात्राचे गुणदोष मोजून ते हाती लागत नाही.

हागिओ यांचे 'तोमा नो शिन्झो' (थॉमसचे हृदय, १९७४) हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. जर्मनीतील मुलांच्या एका निवासी शाळेत ही कथा घडते. थॉमस हा मुलगा पहिल्याच पानांत पुलावरून स्वतःला खाली झोकून मरतो आणि ज्याच्यावर त्याचे प्रेम होते त्या युलीला त्याचे पत्र मिळते. युली हा एका जुन्या अत्याचारामुळे स्वतःला प्रेमास अपात्र ठरवून बसलेला मुलगा आहे. थॉमससारखाच दिसणारा एरिक शाळेत दाखल होतो, आणि अखेरीस युली धर्मोपदेशक होण्यासाठी शाळा सोडून जातो. चार निकष लावले तर येथे प्रियकर आरंभीच नाहीसा होतो, कथानकात घटना थोड्या आहेत आणि शेवटी मीलन नाही. विश्वनाथाने विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांचा आधार घेण्याचा मोह येथे होतो. पण त्याच्या करुणविप्रलंभातही गेलेल्या व्यक्तीच्या पुनर्भेटीची आशा गृहीत आहे. थॉमस परत येत नाही. परत येतो तो केवळ त्याचा चेहरा, दुसऱ्याच्या खांद्यांवर. ही गोष्ट चित्रातच घडू शकते. 'तो थॉमससारखा दिसत होता' असे वाक्य वाचक एकदा वाचून पुढे जातो, परंतु एरिक पानावर येतो तेव्हा युलीची कोंडी वाचकाला दर वेळी नव्याने पाहावी लागते. म्हणून शेवटी युली निघून जातो तेव्हा प्रेमभंग घडला असे न वाटता एका चेहऱ्याकडे पाहण्याचे बळ त्याला आले असे वाटते.

ही कृती पूर्ण झाली यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. जपानी साप्ताहिके वाचकांकडून पत्रिका भरून घेऊन मालिकांची क्रमवारी लावीत. पहिल्या हप्त्यानंतर 'तोमा नो शिन्झो' त्या क्रमवारीत तळाशी होती आणि संपादकांनी ती आवरती घेण्यास सुचवले. त्याच वेळी हागिओ यांच्या 'पो नो इचिझोकु' या आधीच्या मालिकेच्या पहिल्या पुस्तकाची आवृत्ती काही दिवसांतच संपली, आणि मालिकेला जीवदान मिळाले. तसे घडले नसते तर आज ज्या शेवटाची चर्चा होते तो अस्तित्वातच आला नसता, किंवा काही हप्त्यांत गुंडाळलेला दुसराच एक शेवट तेथे असता आणि त्यावरून लेखिकेला 'रचनेचे भान नाही' असा शेरा मिळाला असता.

इकेदा रियोको यांच्या 'बेरुसायु नो बारा'मध्ये (व्हर्सायचा गुलाब, १९७२–७३) हा ताण उलट दिशेने दिसतो. मारी आंत्वानेतच्या चरित्रासाठी योजलेली ही कथा पुरुषवेषात वाढलेल्या ऑस्कार या कल्पित सेनाधिकारी स्त्रीने व्यापून टाकली. १४ जुलै १७८९ रोजी बास्तियच्या लढाईत ऑस्कार पडते. तिचा प्रियकर आंद्रे आदल्या दिवशीच गेलेला असतो. त्यानंतर राणीच्या शिरच्छेदापर्यंतचा इतिहास तुलनेने त्वरेने उरकला जातो. ऐतिहासिक कादंबरीच्या मापाने हा तोल बिघडणे होय. मात्र वाचक ज्या अर्थाने या कृतीचा 'शेवट' म्हणतात तो ऑस्कारच्या मृत्यूचा, छापील शेवटच्या पानाचा नव्हे. १९७४मध्ये ताकाराझुका या स्त्री-नाट्यमंडळीने हीच कथा रंगभूमीवर आणली.

मग सुखान्त प्रेमकथांचे काय? १९७०च्या दशकाच्या मध्यास 'रिबन' मासिकातून मुत्सु ए-को आणि इतरांनी शाळकरी प्रेमकथेचा जो साचा रूढ केला त्यात शेवट ठरलेलाच असे. नायिका वेंधळी, स्वतःच्या रूपाविषयी साशंक. आणि अखेर तो मुलगा तिला सांगतो, की ती आहे तशीच त्याला आवडते. फुजिमोतो युकारि यांनी १९९८च्या आपल्या ग्रंथात शोजो मांगातील प्रेमाचा संबंध स्वतःसाठी जगात जागा शोधण्याशी जोडला आहे : नायिकेला प्रियकराइतकीच, किंबहुना अधिक, गरज आहे ती कोणीतरी आपल्याला मान्यता देण्याची. हे विश्लेषण मूलगामी आहे, आणि या शेवटांतील एक धोकाही त्यातून उघड होतो. ही मान्यता मुलगी स्वतःला देत नाही, ती नेहमी दुसऱ्याच्या तोंडून यावी लागते. तथापि या कथांचा बहुतेक पसारा पूर्वरागातच असतो. कबुलीचे ते वाक्य येण्यापूर्वी तीसचाळीस पाने वाचकाने नायिकेच्या तरंगत्या स्वगतात काढलेली असतात. ठरीव शेवटामुळे या कथा सारख्याच वाटतात असा आक्षेप घेणाऱ्याने त्या तीसचाळीस पानांत काय घडले याचा हिशेब दिलेला नसतो.

शेवटाविना असलेल्या कृतींपुढे तर हा निकष अगदीच निरुपयोगी होतो. मिउचि सुझुए यांची 'गारासु नो कामेन' (काचेचा मुखवटा) १९७६पासून सुरू आहे आणि २०१२ साली ४९वा खंड निघाला तेव्हाही ती पूर्ण झालेली नव्हती. याझावा आइ यांची 'नाना' २००० साली सुरू झाली आणि लेखिकेच्या आजारपणामुळे २००९मध्ये थांबली. पण 'नाना'चे वैशिष्ट्य असे, की तिचा शेवट न येताही वाचकाला तो आरंभापासून ऐकू येतो. एकाच नावाच्या दोन तरुणी तोकियोला जाणाऱ्या गाडीत भेटतात. त्यांपैकी एकीचे स्वगत दुसरीला उद्देशून आहे, आणि ते भूतकाळात आहे. ती दुसरी आता जवळ नाही, हे चौकटीबाहेरच्या त्या वाक्यांच्या काळावरूनच कळते. समोर चाललेला आनंदाचा प्रसंग त्यामुळे तत्क्षणीच आठवण होऊन जातो. हागिओ-ओशिमांच्या पिढीने घडवलेली रीती येथे शेवटाचे काम प्रत्येक हप्त्यात करते.

कथा आणि चित्र यांची फारकत करता येते का, हा प्रश्न समीक्षेपुरता राहिला असता तर तो कदाचित पंडिती वाटला असता. परंतु 'कँडी कँडी'च्या (१९७५–७९) निमित्ताने तो जपानच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मिझुकी क्योको यांनी कथा लिहिली, इगाराशी युमिको यांनी चित्रे काढली. पुढे इगाराशी यांनी नायिकेची चित्रे स्वतंत्रपणे छापून विक्रीस आणण्याचा घाट घातला आणि मिझुकी न्यायालयात गेल्या. चित्रकर्तीचा युक्तिवाद असा, की एकट्या कँडीच्या चित्रात कथा कोठेच नाही, त्यामुळे त्यावर कथालेखिकेचा हक्क पोचत नाही. न्यायालयाने २५ ऑक्टोबर २००१ रोजी तो फेटाळला. प्रत्येक हप्त्यासाठी लेखिका चारशे अक्षरांच्या कागदाची तीस ते पन्नास पाने कथारूपात लिहून देत असे. मांगा त्यावर आधारलेली साधित कृती आहे, सबब लेखिकेच्या संमतीवाचून ती चित्रे वापरता येणार नाहीत, असा निर्णय झाला.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय नि:संदिग्ध आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने तो अर्धाच प्रश्न सोडवतो, कारण त्यात लेखी कथा मूळ आणि चित्र तिच्यापासून निघालेले असा क्रम गृहीत आहे. वाचनात हा क्रम टिकत नाही. अँथनी घोड्यावरून पडून मरतो, टेरी दुसऱ्या स्त्रीविषयीच्या कर्तव्यापोटी कँडीपासून दूर होतो, आणि अखेरीस लहानपणी टेकडीवर भेटलेला 'राजपुत्र' म्हणजेच अल्बर्ट हे उघड होते. ही ओळख पटते ती दोन चेहऱ्यांमधील साम्यामुळे, जे इतके दिवस पानावर असूनही वाचकाच्या नजरेतून निसटलेले असते. कथालेखिकेने ती घटना योजली हे खरेच. पण ती घडते मात्र चित्रात.

या वादानंतर मूळ मांगा पुन्हा बाजारात आली नाही. २०१० साली मिझुकी यांनी नागिता केइको या नावाने तीच कथा चित्रांवाचून, गद्य कादंबरीच्या रूपात नव्याने लिहिली. तीत कँडी तिशी ओलांडलेली आहे, इंग्लंडमध्ये एव्हन नदीजवळच्या घरात राहते आणि जुनी पत्रे चाळते. घरात तिचा जोडीदार आहे. लेखिका त्याचा उल्लेख सर्वत्र 'तो' एवढाच करते. वाचकांमध्ये तो टेरी की अल्बर्ट यावर तट पडले आहेत, आणि दोन्ही बाजू पुरावा म्हणून पुढे करतात त्या कादंबरीतील वस्तू, फुले, एखादे पेटीवजा खण. कारण ज्याकडे पाहून प्रश्न एका क्षणात मिटला असता तो चेहरा त्या पुस्तकात कोठेच नाही.