कुऱ्हाड, करवत आणि ट्रक: खानदेशातल्या लाकूडतोडीचा इतिहास

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याच्या पट्ट्यात आढळणारे अंजन हे लाकूडतोड्याची परीक्षा पाहणारे झाड. भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत त्याची गणना होते. त्याचा ओंडका पाण्यात टाकला तर बुडतो. बुंध्याशी तोडले तर अंजनाला फुटवा बेताचाच येतो, पण उंचावर छाटले तर ते पुन्हा भरते आणि गुरांना पाला देत राहते. सागाची तऱ्हा वेगळी. तो जमिनीलगत, धारदार हत्याराने, साल न फाटू देता तोडला की खुंटातून जोमदार फुटवे येतात. खुंटाला थोडा उतार ठेवला म्हणजे त्यावर पावसाचे पाणी साचत नाही आणि तो कुजत नाही. तोड चांगली झाली की वाईट, हे सागाच्या बाबतीत पुढच्या पावसाळ्यात खुंटाकडे पाहून कळते.

खानदेशच्या डोंगरांत ही तोड पिढ्यान् पिढ्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची माणसांच्या हातात होती. घराला खांब, नांगराला लाकूड, चुलीला जळण एवढी तिची मर्यादा. हिशेब बदलला तो इंग्रजी अमलात. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान हवे होते. १८४२ साली इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगची जंगले भाडेपट्ट्याने घेतली आणि त्या मुलखाचा कारभार दीर्घकाळ खानदेशातूनच चालला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक मिळाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारच्या ताब्यात गेले आणि कालपर्यंत हक्काने कुऱ्हाड चालवणारा माणूस परवानगी मागणारा झाला.

त्याच सुमारास रेल्वे आली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे सरकली. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले. नवापूरसारख्या ठिकाणचे लाकूड आता बैलगाडीच्या मुक्कामांवर अवलंबून राहिले नाही. झाड पाडणे हातानेच चालू होते, पण मालाच्या वाटेवर यंत्र आले होते. पूर्वी जंगलातून किती लाकूड बाहेर जाणार याला बैलांच्या ताकदीची आणि घाटाच्या चढणीची सीमा होती. रेल्वेने ती सैल केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरात शिरलेल्या ट्रकने ती जवळजवळ पुसून टाकली. खानदेशात यांत्रिकीकरणाची सुरुवात चाकापासून झाली. पाते नंतर आले.

हातातल्या हत्यारांतही फरक होताच. जाड सागावर कुऱ्हाड चालवली तर पाचरीसारखी मोठी खाच घ्यावी लागते आणि तिच्या ढलप्यांत वाया जाते ते नेमके बुंध्याचे सर्वांत मौल्यवान लाकूड. दोघांनी ओढायची करवत बारीक चीर घेते आणि तेवढे लाकूड वाचवते. तिला जोडीदार लागतो, दात घासून ठेवावे लागतात, झाड कोणत्या बाजूला पाडायचे याचा अंदाज लागतो. अंदाज चुकला तर झाड अर्धवट कापलेले असतानाच खोड उभे चिरते आणि मागे उसळते. हाताची तोड सौम्य असते असे लांबून म्हणणे सोपे आहे. ती करणाऱ्याची पाठ आणि खांदे वेगळे सांगतात.

आणि त्या कष्टाचा मोबदला? कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, लिलावात ठेकेदार घ्यायचा, मजूर आदिवासी असायचा. पावसाळ्यात घेतलेली खावटी किंवा उचल फेडता फेडता तोडीचा हंगाम संपून जाई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी पश्चिम खानदेशासह आदिवासी भागांची पाहणी केली, तेव्हा ही पिळवणूक सरकारदप्तरी नोंदली गेली. १९४७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्यांची योजना आणली. ठेकेदाराला बाजूला सारून कूप थेट तोडणाऱ्यांच्या संस्थेला द्यायचे, असा तिचा गाभा. हातात तीच कुऱ्हाड आणि करवत राहिली, पण नफ्यात मजुराचा वाटा आला. या भागाच्या वनइतिहासातली ही फार मोठी सुधारणा होय.

तोडीतले यांत्रिक पाते म्हणजे चेनसॉ. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बाजारात आणली. आजच्या चेनसॉने एकटा माणूस काही मिनिटांत जाड झाड पाडतो, खुंट गुळगुळीत आणि खाली राखता येतो, पाठीचा ताण कमी होतो. पण पाते उलटे उसळले तर जखम जीवघेणी ठरते, सततच्या कंपनाने बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो आणि करवतीच्या जोडीला मिळणारी रोजी जाते. स्वीडन-फिनलंडमधली हार्वेस्टर यंत्रे तर झाड पाडणे, फांद्या साफ करणे, तुकडे करणे ही सारी कामे एकाच चालकाकडून करवून घेतात. तिथली एकसारखी सूचिपर्णी झाडे त्यांना सोयीची. सातपुड्यात साग, धावडा, सालई, खैर, अंजन मिसळून उगवतात आणि बेसॉल्टच्या उतारावर मातीचा थर पातळ असतो. जड यंत्राच्या चाकोऱ्या इथे एका पावसाळ्यात ओघळी होतात.

दरम्यान तोडीवरच बंधने आली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणाला अग्रक्रम दिला. १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय वनातली तोड थांबवली. याच काळात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदीसारखे नियम स्वतःवर घालून घेतले आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

या साऱ्यातून खानदेशापुरता निवाडा स्पष्ट होतो. सपाटीवरच्या साग लागवडीची विरळणी करायची असेल, तर प्रशिक्षण, शिरस्त्राण आणि विमा देऊन मजुराच्या हाती चेनसॉ जरूर द्यावी. उताराच्या मिश्र जंगलात दोन माणसांची करवत आणि ओढायला बैल हेच योग्य. जड यंत्रांना तिथे वाट देऊ नये. आणि वर्षाला किती झाडे पडणार, हा आकडा ठरवताना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना वनखात्याने शेजारी बसवून घ्यावे.