वाटेवरचा माल आणि वाटेकाठचे घर
सोनगीरच्या संदर्भात घराच्या नुकसानभरपाईचा इतिहास

धुळ्याहून उत्तरेकडे शिरपूरच्या दिशेने जाताना मुंबई-आग्रा मार्गावर सोनगीर हे गाव लागते. गावाच्या माथ्यावर जुना किल्ला असून तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशात प्रसिद्ध आहे. माळव्यातून दक्षिणेकडे व पश्चिम किनाऱ्याकडे येणारी वाहतूक या वाटेने होत असे, आणि वाटेची राखण करणे हे अशा किल्ल्यांचे एक काम होते. या वाटेवरून जाणाऱ्या मालाला आणि वाटेच्या काठी उभ्या असलेल्या घराला नुकसानीविरुद्ध कोणते संरक्षण होते, व आज कोणते आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मालाचा विचार करू. विमा म्हटले की तो इंग्रजांनी आणला, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात माळव्यातील सावकारांच्या विम्याच्या व्यवहाराची माहिती दिली असून निरनिराळ्या शहरांदरम्यानचे विम्याचे दरही नोंदविले आहेत. मार्ग जितका धोक्याचा तितका दर चढा, हे तत्त्व या व्यापाऱ्यांना पूर्ण अवगत होते. अर्थात विमा ही कल्पना या वाटेला नवी नव्हती. परंतु ती चालत्या मालापुरती होती. ज्या मालाची किंमत ठरलेली, धनी ठरलेला आणि प्रवासाची मुदतही ठरलेली, त्याचीच जोखीम सावकार पत्करीत असे.

गावात स्थिर असलेल्या मालमत्तेसाठी वेगळी व्यवस्था होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात जागल्याच्या जबाबदारीचे वर्णन आहे. चोरी झाल्यास जागल्याने चोराचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जावे आणि माग त्या गावाच्या स्वाधीन करावा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवेल त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. खानदेशात हे काम बहुधा भिल्ल जागल्यांकडे असे. जोखीम अनेकांत वाटून घेणे हे विम्याचे मूलतत्त्व या प्रथेत स्पष्ट दिसते. मात्र येथेही भरपाई मिळे ती नेता येण्याजोग्या वस्तूंची, म्हणजे गुरांची, भांड्यांची, दागिन्यांची. पडलेल्या भिंतीचा माग कोणत्या शिवेपर्यंत काढणार?

गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग आपल्याकडे मानले जातात; काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मराठी राज्यात ओसाड गाव पुन्हा वसविण्यासाठी कौल दिला जाई व इस्ताव्याने सारा क्रमाक्रमाने वाढवीत नेला जाई. इंग्रजी अमलात १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांनी तगाईला कायद्याचे रूप दिले. या साऱ्या उपायांचा रोख काळीकडे होता, कारण सरकारचे उत्पन्न काळीतून येत असे. विहीर, बी-बियाणे व बैल यांची तरतूद झाली, पण पांढरीतील घराचा भार मुख्यतः घरधन्यावर व त्याच्या भाऊबंदांवरच राहिला. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा व पांझरा या नद्यांना आलेल्या महापुरात एकट्या धुळ्यातील शेकडो घरे वाहून गेली. त्या काळी अशा नुकसानीविरुद्ध सामान्य घरधन्याला उपलब्ध होईल असा करार अस्तित्वात नव्हता.

युरोपात घराचा विमा निघाला तो आगीच्या भयातून. १६६६ मध्ये लंडन शहराचा मोठा भाग जळाल्यावर १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने तेथे घरांच्या आगविम्याची कचेरी काढली. हिंदुस्थानात १८५० मध्ये कलकत्त्यास ट्रायटन ही सर्वसाधारण विम्याची पहिली कंपनी, व १९०७ मध्ये मुंबईस सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा उतरविणारी इंडियन मर्कंटाइल ही पहिली भारतीय कंपनी निघाली. १९३८ मध्ये विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरणाने १०७ विमा संस्थांचे व्यवहार चार कंपन्यांत एकवटले. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण स्थापन होऊन खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मोकळी झाली. या दीर्घ काळात वखारी, गिरण्या व गहाण पडलेल्या इमारती यांना आगविमा परिचयाचा झाला. खेड्यातील राहते घर मात्र बहुतांशी त्याबाहेरच राहिले. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे दगावली, त्या वेळी बावन्न गावे नव्या जागी वसविण्याचे काम शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने केले. एवढ्या मोठ्या आपत्तीत भरपाईचा भार विमा कंपन्यांवर नव्हे, शासनावर पडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हा एकाच नमुन्याचा गृहविमा देणे प्राधिकरणाने बंधनकारक केले. त्याचे स्वरूप इतिहासाच्या अभ्यासकानेही पाहावे असे आहे. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर व जलमयता, घराखालची जमीन खचणे, दरड कोसळणे, दंगल, बाहेरील वस्तूचा आघात, पाण्याची टाकी वा नळ फुटणे, इत्यादी घटनांनी झालेले नुकसान त्यात येते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत चोरी झाल्यास तीही येते. घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा-रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, संरक्षण आपोआप मिळते. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावरून ठरते. जागेची किंमत तीत धरत नाहीत.

या विम्याने एक जुनी अडचणही दूर केली. पूर्वीच्या आगविम्यात ‘सरासरी’चे कलम असे. दहा लाखांच्या घराचा पाच लाखांचाच विमा उतरविला असेल आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर निम्मी जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवली असे मानून त्याला एकच लाख मिळे. नव्या विम्यात हे कलम नाही. विमा-रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण भरून मिळते.

असे असूनही सोनगीरसारख्या गावातील जुन्या घराला हे संरक्षण पुरते लागू पडत नाही. त्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण व्यवसायाचे. तांबटाच्या घरात ओसरीवर भट्टी आणि आत संसार, अशी परंपरागत रचना असते. गृहविमा हा राहत्या घराचा असतो. भट्टी, हत्यारे, पत्रा व तयार भांडी यांसाठी लहान उद्योगांचा निराळा विमा घ्यावा लागतो. कारागिराला जे छप्पर एक वाटते ते विम्याच्या कागदावर दोन होते. आणि हा वापर आधी कळविला नसेल तर आगीनंतर वाद उभा राहतो.

दुसरे कारण मालकीचे. ज्याचा घरात हितसंबंध आहे त्यालाच विमा घेता येतो. गावठाणातील घर पुष्कळदा आजोबांच्या नावे, अविभक्त, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील कर आकारणीच्या नोंदीवर उभे असते. ही नोंद कराची असल्यामुळे तिने मालकी निर्विवाद सिद्ध होत नाही. काळीचे मोजमाप शतकापूर्वीच झाले. पांढरीतील घरोघरच्या मिळकत पत्रिकेला देशव्यापी चालना मिळाली ती २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेमुळे. काळी आणि पांढरी यांतील जुना भेद येथे कागदोपत्रीही आढळतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. खानदेशातील जुने घर मातीच्या भिंतींचे आणि धाब्याचे. लाकडी कड्यांवर मातीचा थर देऊन केलेले हे छप्पर उन्हाळ्यात थंडावा देते. पण दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती घालून ते चोपावे लागते. असे घर सहसा एका तडाख्याने पडत नाही. आठ-दहा दिवसांच्या झडीने भिंतीत ओल मुरते, आणि पाऊस उघडल्यावर एखाद्या पहाटे भिंत बसते. विमा विचारतो, घटना कोणती? पूर आला नाही, वादळ झाले नाही. हळूहळू झालेली झीज ही विम्याच्या यादीतील घटना नव्हे. शासकीय मदतीकडे वळावे तर तिचीही मोजपट्टी घटनेचीच. महाराष्ट्रात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी मानण्याचा प्रघात आहे. संथ झड त्या मापात बसत नाही. शिवाय २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला एक लाख वीस हजार रुपये, पण किमान पंधरा टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला केवळ चार हजार रुपये ठरविले होते. चार हजारांत एक भिंतही उभी राहत नाही.

या सर्व इतिहासातून एक सूत्र हाती लागते. ज्या वस्तूचे मोल, धनी आणि नुकसानीचा क्षण निश्चित सांगता येतो, तिलाच संरक्षण प्रथम मिळते. वाटेवरच्या मालाला ते माल्कमच्या काळात होते, शेतीला ते तगाईच्या रूपाने लाभले. वाटेकाठच्या घराला ते सर्वांच्या शेवटी, आणि तेही अपुरे मिळत आहे. मालकीचा प्रश्न मिळकत पत्रिकेने बव्हंशी सुटेल. व्यवसायाचा प्रश्न विमा घेतानाच भट्टीचा स्पष्ट उल्लेख केल्याने सुटू शकेल. क्षणाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पावसाळ्याआधी धाबे चोपल्याची, भिंती शाबूत असल्याची दरवर्षी नोंद व छायाचित्रे ग्रामपंचायतीत राहिली, तर पडलेली भिंत जुन्या हयगयीने पडली की त्या वर्षीच्या पावसाने, हे तलाठ्याच्या पंचनाम्यात आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकासमोर सांगता येईल. जागल्या पावलांचा माग काढीत असे. पांढरीला आज ओलीचा माग काढणाऱ्या व्यवस्थेची गरज आहे.