देवळालीचे गणिती

पदवी आणि पद यांवरूनच विद्वानाची योग्यता ठरते, असा समज रूढ आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या चरित्रानें तो खोटा ठरतो.

१९०५ सालीं डहाणूस जन्मलेल्या कापरेकरांनीं फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकत असतां, १९२७ सालीं, रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळविलें. परांजपे स्वतः १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले व पुढें फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कापरेकर मात्र १९३० ते १९६२ नाशिकजवळील देवळालीस शाळामास्तरच राहिले.

तेथेंच त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. श्रोत्यांनीं ३५२४ घेऊन पाहावे. अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी केली, कीं ३०८७ येतात. तीच क्रिया पुनः केली, कीं ८३५२. आणि तिसऱ्या वेळीं ६१७४. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत येथेंच येऊन थांबते.

१९४९ सालीं हा शोध त्यांनीं जाहीर केला. कित्येक गणितज्ञांना तो पोरखेळ वाटला. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांची कीर्ति जगभर पसरली. शाळा सोडून त्यांना तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं.