काचेखालचा वाचक : केंब्रिजचे सीली ग्रंथालय

ग्रंथालयाचा इतिहास म्हटला की आपण ग्रंथसंग्रहाचा इतिहास लिहितो. वाचक जिथे बसतो त्या वास्तूचा विचार सहसा राहून जातो. या दृष्टीने केंब्रिज विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे सीली ग्रंथालय आम्हांस विशेष अभ्यसनीय वाटते. 'द एक्स्पान्शन ऑफ इंग्लंड' (१८८३) या ग्रंथात हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेची मीमांसा करणारे इतिहासकार जॉन रॉबर्ट सीली यांचे नाव त्यास दिलेले आहे.

१९६३ साली वास्तुरचनाकार जेम्स स्टर्लिंग यांच्या आराखड्याची निवड झाली आणि १९६८ मध्ये इमारत पूर्ण झाली. तांबड्या विटा-फरशांच्या, काटकोनात जोडलेल्या दोन उंच बाजू, त्यांच्या कुशीत पंख्याच्या आकाराचे वाचनदालन आणि त्यावर उतरत्या काचेचे भव्य छत, अशी तिची रचना आहे. पंख्याच्या टोकाशी ग्रंथपालांचे टेबल. तेथून कपाटांच्या त्रिज्येसारख्या रांगांमधील प्रत्येक वाट दिसते. पुस्तकांच्या चोरीला आळा घालणे हा त्यामागील एक हेतू होता.

फूकोच्या वाचकांना येथे बेंथमचा वर्तुळाकार तुरुंग आठवेल. परंतु केवळ तेवढ्यावरून निवाडा करणे उचित नाही. १८५७ साली खुल्या झालेल्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनदालनातही मध्यभागी देखरेखीची जागा होतीच आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध वाचन झाले.

सीलीचे दुखणे वेगळे होते. नियोजित जागा पूर्ण न मिळाल्याने आराखडा नव्वद अंशांनी फिरवावा लागला आणि काचेचे छत उन्हाच्या अधिक माऱ्यात आले. उन्हाळ्यात असह्य उकाडा, हिवाळ्यात गारठा, छतातून गळती, भिंतींवरून निखळणाऱ्या फरशा अशा तक्रारी वाढत गेल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास इमारत पाडण्याचाही विचार झाला. अखेर दुरुस्तीचा मार्ग पत्करला गेला. २००० साली तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

स्थापत्याच्या इतिहासातील तिचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. तथापि, वाचकावर नजर ठेवण्याचा प्रश्न जिने इतक्या कुशलतेने सोडवला, तिने त्याच वाचकाच्या अंगावर पडणाऱ्या उन्हाची पुरेशी तजवीज केली नव्हती, हे विसरता येत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयाचा नकाशा संमतीसाठी समोर येईल तेव्हा आपण अध्यापकांनी काउंटरची जागा अवश्य पाहावी. पण त्याआधी एप्रिलच्या दुपारी विद्यार्थी कोठे बसून वाचणार आहे, हे विचारावे.